बारशाची फाईल

१

शमिकाच्या घरी शनिवारी सकाळी दोन आंघोळी चालायच्या. एक बाळाची आणि एक फायलींची. हे नाव तिच्या सासऱ्यांनी, उमाकांतरावांनी ठेवलं होतं, आणि त्यांनी एकदा कशाला नाव ठेवलं की ते घरात कायमचं होऊन जायचं.

बाळाची आंघोळ सासूबाईंकडे. हेमलताबाई न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसायच्या, नातीला पायांवर पालथी घ्यायच्या आणि कोमट खोबरेलाने अशा काही रगडायच्या की संहिता मोठेपणी पैलवान झाली असती तरी कुणाला नवल वाटलं नसतं. मग ऊन ऊन पाणी, मग धुरी, मग गालावर काजळाची तीट. तेवढ्या वेळात शमिका पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडून घरातले सगळे फोटो आणि व्हिडिओ तपासायला लावायची.

हे तिचं पोटापाण्याचं काम. इलेक्ट्रॉनिक सिटीतली तिची कंपनी दवाखान्यांचे स्कॅन आणि एक्स-रे वर्षानुवर्षं सांभाळून ठेवायची, आणि ठेवलेलं जसंच्या तसं आहे ना, हे बघायची जबाबदारी शमिकाच्या गटावर होती. आता ती बाळंतपणाच्या रजेवर होती, पण सवय थोडीच रजेवर जाते.

"म्हणजे नेमकं काय बघतेस गं तू?" हेमलताबाईंनी एकदा विचारलं होतं.

"आई, फाईल म्हणजे आत नुसते आकडे असतात. ते सगळे एका ठरलेल्या रीतीने दळायचे, की शेवटी एक छोटासा ठसा निघतो. त्याला चेकसम म्हणतात. फाईलमधला एक आकडा जरी इकडचा तिकडे झाला, तरी ठसा पार वेगळा येतो. म्हणून पहिल्याच दिवशी ठसा काढून ठेवायचा आणि मधून मधून पुन्हा काढून बघायचा. जुळला तर फाईल तीच."

"आणि नाही जुळला तर?"

"तर कुणीतरी हात लावला, नाहीतर डिस्क नासायला लागली."

"लोणच्यासारखंच की," हेमलताबाई म्हणाल्या, आणि त्यांच्यापुरता तो विषय स्वच्छ कळला.

उमाकांतराव सरकारी कारखान्यात जन्मभर तपासणी विभागात होते. त्यांना सुनेच्या या कामाचं भारी कौतुक. पेपरातून डोकं वर न काढता ते विचारायचे, "जुळलं का?" शमिका म्हणायची, "जुळलं, बाबा." "सरी," ते म्हणायचे, "मग इडली आणा." इतकी वर्षं बेंगळुरूत काढल्यावर त्यांची मराठी अशीच, 'बरं'च्या जागी 'सरी' म्हणणारी झाली होती, आणि तिचा त्यांना अभिमानही होता.

२

बारशाचा दिवस म्हणजे निव्वळ आनंद होता. इंदिरानगरच्या त्या जुन्या दुमजली घरात पुढच्या खोलीतला पंखा उतरवून त्याच्या हुकाला पाळणा टांगला होता. शेवंतीच्या माळा, घुगऱ्या, पेढे, आणि इतक्या बायका की शमिकाच्या नवऱ्याला, अभिराजला, स्वतःच्याच घरात उभं राहायला जिन्याखालची जागा मिळाली.

बारशात पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात. त्याला टोपडं चढवायचं, दुपट्यात गुंडाळायचं, आणि एकीने पाळण्याखालून द्यायचा, दुसरीने वरून परत द्यायचा. मग बाळाची पाळी. दगडासारखं टणक आयुष्य लाभू दे, एवढाच त्यातला भाव. पण हेमलताबाईंच्या घरात मिक्सर आल्यापासून वरवंटा उरलाच नव्हता.

तेव्हा मदतीला धावल्या त्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या महानंदाक्का. मूळच्या निपाणीच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, मराठी आणि कन्नड एकाच दमात बोलणाऱ्या. होसकोट्याच्या रस्त्याला दगडाच्या वस्तू विकणारे बसतात, हे त्यांना माहीत होतं. उमाकांतराव त्यांना गाडीतून घेऊन गेले आणि तिथे एकेक वरवंटा ठोकून, फिरवून, डोळ्यापाशी धरून असा तपासला की विकणारा म्हणाला, साहेब, दगड आहे, विमानाचा पार्ट नाही.

"आमच्यात ह्याला गुंडप्पा म्हणत्यात," महानंदाक्कांनी घरी आल्यावर सांगितलं. "बाळाचा थोरला भाऊ बघ हा. आधी त्याला जोजवायचं, मग बाळाला."

झालं. वरवंट्याचं नावही ठरलं. हेमलताबाईंनी आपली एक जुनी, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली निळी सुती साडी फाडून संहिताला टोपडं आणि दुपटं शिवलं होतं. कापड उरलं, म्हणून तसंच्या तसं गुंडप्पालाही शिवलं. दोघं शेजारी ठेवली की जुळी दिसत.

घाईगर्दीत एक चूक मात्र झाली. गुंडप्पाला पाळण्यातून बाहेर काढून मग बाळाला आत घालायचं, ते राहून गेलं. नाव ठेवून झालं, पेढे वाटून झाले, आणि मग महानंदाक्कांनी कपाळावर हात मारला. "अय्यो, दोघं एकाच पाळण्यात की गे! असं करत नाहीत." सगळ्या पोट धरून हसल्या. सोबत झाली बाळाला, असं कुणीतरी म्हणालं, आणि शमिकाने हसता हसताच बाळाला उचलून घेतलं.

पुण्याहून आलेल्या तिच्या धाकट्या भावाने, अमितने, हे सगळं फोनवर टिपलं. संध्याकाळी शमिकाने फाईल उतरवून घेतली आणि त्याच्यासमोरच तिचा ठसा काढून ठेवला. अमितने त्यावरून तिची यथेच्छ टिंगल केली.

पाटा घेतलेलाच नव्हता, त्यामुळे गुंडप्पाचा वाटायला काही उपयोग नव्हता. तो टोपड्यासकट स्वयंपाकघरातल्या फडताळात, पोह्यांच्या डब्याशेजारी बसून राहिला. जाता येता प्रत्येकजण त्याला हाक मारायचा. अभिराज ऑफिसला निघताना त्याला टाटासुद्धा करायचा.

३

त्या शनिवारी नेहमीप्रमाणे सगळं जुळलं. न्हाणीत पाण्याचा आवाज चालू होता. शमिकाने हौसेने बारशाचा व्हिडिओ लावला. तो तिने इतक्यांदा पाहिला होता की कोण कधी पदर सावरणार आणि कोण कधी शिंकणार, हेही तिला पाठ होतं.

महानंदाक्कांनी गुंडप्पाला पाळण्याखालून दिलं, हेमलताबाईंनी पलीकडून घेतलं, आणि तेवढ्यात एक बाळ रडलं.

मोठ्याने नाही. भूक लागली की बाळ आधी कुरकुरतं आणि मग सूर धरतं, तसं. शमिकाने व्हिडिओ थांबवला. चित्रात ती स्वतः भिंतीपाशी बसलेली होती. मांडीवर संहिता, तोंड मिटलेलं, गाढ झोपेत.

तिने मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. गुंडप्पा खाली जातो, बाळ रडायला लागतं, गुंडप्पा वर येतो, रडणं थांबतं. आधी कधी हे तिने ऐकलं नव्हतं, याची तिला शपथेवर खात्री होती.

शमिका घाबरली नाही, तिला उलट हुरूप आला. हे तर तिच्या कामातलं प्रकरण. फाईल नासली असेल, असं तिने म्हणून पाहिलं. पण नासलेल्या फाईलमध्ये चित्राचे चौकोन होतात, आवाज खरखरतो. नासून नासून त्यात मूल रडायला लागत नाही. मग कुणीतरी मुद्दाम आवाज घातला असेल. पण मग ठसा जुळला नसता. तिने त्या एकट्या फाईलचा ठसा पुन्हा काढला. जुळला. कपाटात ठेवलेली दुसरी डिस्क आणून लावली. तीही जुळली, आणि तिच्यातही बाळ रडलं.

दुपारी जेवणं झाल्यावर तिने सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं.

"आता नीट ऐका. हे रडणं ऐकलंत?"

"ऐकलं की," अभिराज म्हणाला. "बारशात बाळ नाही रडणार तर कोण, मी?"

"पण ही झोपलेली दिसतेय ना माझ्या मांडीवर."

"मग दुसऱ्या कुणाचं असेल."

"दुसरं बाळ आलंच नव्हतं."

"शेजारचं असेल गं. खिडक्या सताड उघड्या होत्या. घे, बडीशेप घे."

उमाकांतरावांनी मात्र प्रश्न गंभीरपणे घेतला. चष्मा पुसून ते म्हणाले, "फाईल तीच आहे ना?"

"तीच आहे, बाबा. ठसा जुळतोय."

"मग रडणंही तेच. पहिल्या दिवसापासून आहे. तू ऐकलं नसशील. पास झालेला माल पुन्हा उघडायचा नाही, असा आमच्याकडे नियम होता."

शमिकाने टीव्ही बंद केला. कारण हेच वाक्य ती स्वतः कामावर बोलत आली होती. एखाद्या डॉक्टरचा फोन यायचा, हा स्कॅन मी पाहिला तेव्हा असा नव्हता म्हणून. शमिका शांतपणे ठसे दाखवायची आणि सांगायची, सर, फाईल बदललेली नाही. डॉक्टर फोन ठेवायचा. ठसा जुळला की माणसाच्या आठवणीला कुणी विचारत नाही.

४

अमितच्या फोनवर मूळ फाईल अजून होती. पुढच्या शनिवारी सकाळी शमिकाने त्याला कामाला लावलं.

"ताई, भावजींना सांग, तुला जरा सिनेमाला घेऊन जा म्हणावं," तो म्हणाला, पण ठसा काढून त्याने अक्षरं वाचून दाखवली. एकूण एक जुळली.

"आणि त्यात बाळ रडतंय?"

"रडतंय ना. तेव्हाही रडत होतं. तूच नाही का म्हणालीस त्याला उचला म्हणून? मी व्हिडिओ काढता काढता इतका हसलो की फोन हलला."

"मी काय म्हणाले?"

"विसरलीस? 'आई, त्याला उचला, भूक लागलीय त्याला.' त्या दगडाला! कसली ॲक्टिंग केलीस, ताई."

शमिकाने फोन ठेवला आणि व्हिडिओ लावला. रडणं सुरू झालं. त्याच्यावर, स्पष्ट, तिचाच आवाज आला. पडद्यावर तिचे ओठ हलले. आई, त्याला उचला. भूक लागलीय त्याला. मग हशा पिकला, आणि चित्र खरोखरच थोडंसं हललं. पडद्यावरची शमिका मात्र हसत नव्हती. ती पाळण्याकडे बघत होती आणि तिची मान पुढे झाली होती.

न्हाणीतून हेमलताबाई आल्या, हातात टॉवेलात गुंडाळलेली, वाफाळलेली संहिता. पडद्याकडे बघून त्यांना पुन्हा हसू फुटलं. "किती गंमत केलीस गं तू त्या दिवशी. महानंदा अजून सांगत असते सगळ्यांना."

म्हणजे सगळ्यांना आठवत होतं. भावाला, सासूला, वरच्या अक्कांना. तिला एकटीलाच नाही. शमिकाने लॅपटॉपवरच्या, ठसा जुळल्याच्या हिरव्या खुणेकडे पाहिलं. फाईलचा ठसा होता, दोन डिस्कांवर आणि एका फोनवर. तिच्या स्वतःच्या आठवणीचा ठसा मात्र कुणी काढून ठेवला नव्हता. इतके जण जुळत असताना जो एक जुळत नाही तोच बिघडलेला, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिला त्या क्षणी मनापासून भीती वाटली.

नेमक्या त्याच संध्याकाळी महानंदाक्का खाली आल्या. होसकोट्याला त्यांच्या भाचेसुनेला मुलगा झाला होता, उद्या बारसं होतं, आणि त्यांना गुंडप्पा हवा होता.

"इकडचा गुणाचा आहे बघ," त्या म्हणाल्या. "पोर कशी शहाणी निपजलीय. तोच नेतो मी. तिकडंच राहू दे मग, त्यांच्यात अजून दोन सुना आहेत."

"न्या की," हेमलताबाई आनंदाने म्हणाल्या. "थोरला भाऊ काय, सगळ्यांचाच."

फडताळाचं दार अर्धं उघडं होतं. कुकरची शिट्टी झाली आणि मग स्वयंपाकघर एकदम शांत झालं. शमिका कान देऊन बसली, आणि आपण कशासाठी कान दिलाय हे लक्षात आल्यावर उठून मुद्दाम भांडी आपटायला लागली.

५

पोर कशी शहाणी निपजलीय. अक्कांचं हे वाक्य शमिकाच्या डोक्यातून जाईना.

संहिता रडत नसे. हे घरातलं सगळ्यात लाडकं कौतुक होतं. भूक लागली तर ती मिटक्या मारायची, झोप आली तर डोळे चोळायची, इंजेक्शन दिलं तेव्हा तिने डॉक्टरांकडे नुसतं रागाने पाहिलं. डॉक्टर म्हणाले होते, काही काळजी नको, काही मुलं असतात अशी, तुम्ही भाग्यवान आहात. आणि शमिका खरंच स्वतःला भाग्यवान समजत होती.

पण जन्मली तेव्हा हिनेच अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला होता. घरी आल्यावरही पहिले दिवस कुणाला झोपू दिलं नव्हतं. अभिराज डोळ्याखाली काळी वर्तुळं घेऊन ऑफिसला जायचा. मग कधीतरी ते थांबलं. कधी थांबलं? शमिकाने आठवून पाहिलं, बारशाच्या दिवसाशी येऊन थांबली, आणि रविवारी सकाळी, संहिता नाश्त्यानंतरची झोप काढत असताना, लॅपटॉप मांडीवर घेतला.

व्हिडिओचा शेवट तिने कधी धड पाहिला नव्हता. शेवटी अमितला कुणीतरी जेवायला हाक मारतं आणि तो फोन कशाला तरी टेकवून ठेवतो, एवढंच तिथे होतं. फोन चालूच राहिला होता. पुढे रिकामा पाळणा, म्हणून ती तिथे बंद करायची.

पाळणा रिकामा नव्हता. आत निळी दुपटी गुंडाळलेली दोन बाळं होती. टोपडी दोघांची चेहऱ्यावर आलेली.

चित्रात तिचा हात आला. तिच्या हिरव्या बांगड्या. ती पाठमोरी, कुणाशी तरी बोलत होती, हसत होती. पाळण्याकडे न बघता तिने वाकून एकाला उचललं. उचलताना तिचा हात क्षणभर खाली बसला. अंदाजापेक्षा जड काहीतरी उचलताना बसतो, तसा. मग तिने ते खांद्याशी घेतलं आणि बोलत बोलत चित्राबाहेर गेली.

पाळणा हलत राहिला. आत उरलेलं दुपटं पोटापाशी वर झालं, खाली झालं. पुन्हा वर झालं. मग दुपट्याच्या कडेतून काहीतरी इवलंसं बाहेर आलं, उघडलं आणि पाळण्याच्या दोरीकडे गेलं. तिथे व्हिडिओ संपला.

शमिकाने ठसा काढला. जुळला.

ती उठून संहितापाशी गेली. बाळ जागं झालं होतं. आईला बघून ते बोळकं पसरून हसलं, पाय झाडले, तिचं नाक पकडलं. अंगाला धुरीचा वास, मानेच्या वळीत पावडर, मऊ, ऊबदार, जिवंत. शमिकाचा हिच्यावर जीव होता. व्हिडिओ पाहून त्यात तीळभरही फरक पडला नाही, आणि या गोष्टीचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. हिला खाली ठेवणं तिला शक्य नव्हतं. आणि फडताळातला तो आज होसकोट्याला जाणार होता, कायमचा.

दगड गेला तर दगडच जाईल, असं ती स्वतःला समजावत होती. झोप कमी झालीय, सगळे म्हणतात तसं. शहाण्या माणसाने वरवंटा शेजारणीला द्यावा आणि जेवून घ्यावं.

६

महानंदाक्का जरीची साडी नेसून, गजरा माळून खाली आल्या. बाहेर ऑटो उभा होता. उमाकांतराव ऑटोवाल्याशी कन्नडमध्ये हुज्जत घालत होते, अभिराज पाळण्याची दोरी ओढत वर्तमानपत्र वाचत होता, हेमलताबाई ओटीचं सामान पिशवीत भरत होत्या.

"शमिका, स्वल्प, जरा गुंडप्पाला आण गे पोरी."

"आणते, अक्का."

द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली. खिडकीतून छान ऊन ओट्यावर आलं होतं. तिने फडताळ उघडलं, गुंडप्पाला दोन्ही हातांनी उचललं, आणि तिचा एक हात न सांगता त्याच्या डोक्यामागे गेला. मान सावरायला जातो, तसा. तो जड नव्हता. तिने त्याला खांद्याशी घेतलं, तर ते वजन हललं, सरकलं आणि तिच्या मानेच्या खळगीत नीट जाऊन बसलं.

शमिकाच्या छातीत कळ आली. दूध दाटून आलं आणि तिचा कुर्ता भिजला.

ती ओट्याला धरून उभी राहिली. आत कुणी रडलं नव्हतं. संहिताची प्यायची वेळही झाली नव्हती. हा ठसा कुणी काढून ठेवला नव्हता आणि कुणाला तपासताही येणार नव्हता, पण जुळलं हे तिला कळलं. इतके दिवस तो पोह्यांच्या डब्याशेजारी बसून होता. जाता येता तीही त्याला हाक मारून पुढे जात होती. तिला रडू फुटलं, आणि त्याच वेळी आनंदाने तिने त्याला आणखी घट्ट धरलं.

आणि तेव्हाच पुढच्या खोलीत संहिता रडली.

कुरकुरून नाही, खणखणीत. आईला दुसऱ्या कुणीतरी घेतलंय हे कळल्यावर मूल रडतं, तसं. घरात एकच गोंधळ उडाला. "रडली! अहो, रडली बघा!" हेमलताबाई ओटीचं सामान टाकून धावल्या. उमाकांतराव ऑटोवाल्याला तसंच सोडून आत आले. अभिराजने तिला उचलून डोक्याच्या वर धरलं आणि तोच रडकुंडीला आला. "काय आवाज आहे," उमाकांतराव म्हणाले, "फर्स्ट क्लास." महानंदाक्कांनी कानशिलावर बोटं मोडली. डॉक्टरांनी कितीही सांगितलं असलं तरी प्रत्येकाच्या मनात एक बारीकशी काळजी होती, ती त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडावर दिसली, कारण ती गेली होती.

शमिका दारात आली. गुंडप्पा अजून खांद्यावर होता.

"दे इकडे," महानंदाक्का हात पुढे करून म्हणाल्या.

"अक्का, हा नाही देत मी. तुम्ही तिकडे नवा घ्या. बाबा येतील तुमच्याबरोबर निवडायला."

"का गं?"

"हा आमच्याकडेच राहू दे."

महानंदाक्कांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या भिजलेल्या कुर्त्याकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला. "सरी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग चप्पल घालून त्या लगबगीने बाहेर गेल्या, आणि जाताना त्यांनी मागे वळून बघितलं नाही. त्यांच्या मागोमाग उमाकांतराव, आता पुन्हा एकदा दगड ठोकायला मिळणार म्हणून खुशीत.

"अगं, हिला घे आधी, भुकेली झालीय," हेमलताबाई म्हणाल्या.

शमिका भिंतीला टेकून बसली. अभिराजने संहिताला तिच्या उजव्या हातात दिलं. बाळ हुंदके देत देत प्यायला लागलं आणि शांत झालं. सगळे भोवती बसून त्या रडण्याचीच चर्चा करत होते, कुणाचा आवाज घेतलाय, आजीचा की आत्याचा. बाहेर ऑटो सुरू होऊन निघून गेला.

शमिकाने ओढणी पुढे घेतली आणि गुंडप्पाला डावीकडे, ओढणीच्या आत धरलं. टोपडं थोडं मागे सारलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्या बाजूलाही ओढ लागली, आधी चाचपडत, मग घट्ट.

तिने खाली पाहिलं नाही. अभिराजने काहीतरी विनोद केला, हेमलताबाई हसल्या, शमिकाही हसली. दोघांच्या पाठीवरून ती हलके हलके हात फिरवत राहिली.